रात्रीचे आभाळ : प्रस्तावना

उन्हाळ्याच्या दिवसांत गच्चीवर अंथरूण टाकून निजण्याची चाल आमच्या मराठवाड्यात अद्याप पुष्कळ घरांतून टिकून आहे; आणि ज्याने अशा रात्री काढल्या आहेत त्याला मध्यरात्री जाग येताच, डोळे न उघडतादेखील, आभाळ आले आहे की नाही हे बहुधा कळते. आकाश निरभ्र असेल तर दिवसभर तापलेली फरशी हळूहळू निवत जाते आणि पहाटे पायाशी ठेवलेली चादर अंगावर ओढून घ्यावीशी वाटते, आभाळ भरून आले असेल तर फरशीची धग जागची हलत नाही, अंग चिकचिकत राहते, आणि घरातले एखादे वडीलधारे माणूस कूस बदलता बदलता म्हणते, "आभाळ आलंय, म्हणून उकडतंय." या चार शब्दांत जे ज्ञान सामावले आहे, त्याच्याच पायावर पृथ्वीपासून सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहाचे रात्रीचे मेघदर्शन उभे आहे, असे मी म्हटले तर ते वाचकाला प्रारंभी अतिशयोक्तीचे वाटेल, परंतु पुढील सर्व पाने याच एका विधानाच्या विवरणासाठी खर्ची पडली आहेत.

रात्री मेघ ओळखण्याच्या माणसाजवळ दोनच रीती आहेत. एक, चांदण्या दिसेनाशा होणे. आणि दुसरी, जमिनीची ऊब अडून राहणे. पहिली डोळ्यांची, दुसरी कातडीची. उपग्रहाला रात्री सूर्यप्रकाश मिळत नाही, म्हणून त्याचा साधा, दृश्य प्रकाशाचा डोळा सायंकाळी मिटतो. मात्र जमीन, पाणी, झाडे, घरे, मेघ या साऱ्यांतून अहोरात्र बाहेर पडणारी उष्णता त्याला अंधारातही पोहोचत राहते. गच्चीवरच्या माणसाला मेघ खालून जाणवतो तो त्याने ऊब राखून धरली म्हणून; उपग्रहाला तोच मेघ वरून जाणवतो तो जमिनीची ऊब त्याच्यापर्यंत येऊ दिली नाही आणि तिच्या जागी आपल्या थंड माथ्याची अल्पशी उष्णता पाठवली म्हणून. उपग्रह आपल्या हाती देतो ती मुळात तापमानांची एक अवाढव्य नोंदवही असते, आणि तिच्यातल्या आकड्यांना काळ्यापांढऱ्या छटा देऊन आपण तिचे चित्र बनवतो. त्या चित्रात मेघ आहे की नाही हे ठरवताना दर वेळी एकच प्रश्न विचारावा लागतो : या घटकेला, या ठिकाणी, उघडी जमीन किती उबदार असावयास हवी होती? म्हणून माझे असे ठाम मत झाले आहे की रात्रीचे मेघ वाचू पाहणाऱ्याने आभाळाआधी आपल्या मुलखाची जमीन शिकावी.

मराठी घराघरांत आज हे चित्र रोज दिसते. दूरदर्शनच्या बातम्यांत, मोबाइलवर, पावसाळ्यात तर दिवसातून दहा वेळा, अरबी समुद्रावरचे ते पांढरे-पिवळे-लाल भोवरे आपण पाहतो आणि ते आकाशाचे छायाचित्र आहे अशा समजुतीने पाहतो. लाल दिसले की धोधो पाऊस, पांढरे दिसले की साधा पाऊस, काही नसले की उघडीप, असा सरळ हिशेब मनाशी मांडला जातो. वस्तुतः ते रंग माणसांनी तापमानाला नेमून दिलेले आहेत; जितका मेघमाथा थंड, तितका रंग भडक. या गैरसमजापायी पेरणीच्या, काढणीच्या आणि खळ्याच्या दिवसांत शेतकऱ्याचे प्रत्यक्ष नुकसान होते, हे मी जवळून पाहिले आहे, आणि या लेखनाला हात घालण्याचे खरे कारण तेच आहे.

आकाशाच्या लक्षणांवरून पाऊस जाणण्याची आकांक्षा आपल्याकडे जुनी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त मेघांच्या गर्भधारणेचा विचार सविस्तर मांडला आहे. गर्भ धरल्यापासून 195 दिवसांनी तो प्रसवतो, आणि दिवसा धरलेला गर्भ रात्री, रात्री धरलेला दिवसा पाऊस देतो, अशी त्याची मांडणी आहे. सहदेव-भाडळीची वचने तर आमच्या खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आजही आहेत. या परंपरेतून भाकिते किती खरी ठरतात हा वाद मी येथे काढत नाही. मला तिच्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. या लोकांनी रात्रीच्या मेघाला दिवसाच्या मेघाइतकेच महत्त्व दिले. ज्या शास्त्राकडे पुढे दुर्बिणी, फुगे आणि छायाचित्रण आले, त्याला मात्र रात्रीचे आभाळ बराच काळ पारखेच राहिले.

त्या अंधारात शिरण्याची वाट 1800 साली विल्यम हर्शेलला सापडली. सूर्यप्रकाशाचे लोलकाने पृथक्करण करून प्रत्येक रंगात किती उष्णता आहे हे तो थर्मामीटरने मोजत होता, आणि तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेच पारा अधिक चढलेला त्याला आढळला. त्या अदृश्य किरणांना मराठीत आपण 'अवरक्त' म्हणतो. पुढे शतकभराच्या संशोधनाने असे सिद्ध केले की प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानानुसार असे किरण टाकीत असतो. सुमारे 27 अंश सेल्सिअस तापमानाची जमीन ज्या तरंगलांबीवर सर्वाधिक उत्सर्जन करते ती दहा मायक्रॉनच्या अगदी जवळ येते. आणि सृष्टीची योजना अशी की त्याच्या आसपास, साधारणतः साडेदहा ते साडेबारा मायक्रॉनच्या दरम्यान, वातावरणातील बाष्प आणि वायू या किरणांना फारसे अडवीत नाहीत. वातावरणाला ही एक खिडकीच आहे. खिडकी नसती तर उपग्रहाला रात्री फक्त वरची हवा दिसली असती. जमीन आणि मेघ यांच्यातला भेद त्याला कधीच कळला नसता.

येथे मला एका अशा कार्याचा उल्लेख थोडा विस्ताराने केल्यावाचून राहवत नाही, जे अंशतः आपल्याच पुण्यात झाले आणि ज्याची मराठी वाचकाला फारशी ओळख नाही. 1932 साली हवामान खात्यातले एल. ए. रामदास आणि त्यांचे सहकारी एस. आत्मनाथन यांनी रात्रीच्या वेळी जमिनीलगतच्या हवेचे तापमान निरनिराळ्या उंचींवर मोजून ती निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांत पुण्याच्याही निरीक्षणांचा समावेश होता. निरभ्र आणि निवांत रात्री जमीन उष्णता टाकून गार होते, तिला टेकलेली हवा तिच्यामुळे गार होते, आणि म्हणून सर्वांत थंड थर अगदी जमिनीलगत असला पाहिजे, हा तोवरचा सर्वमान्य सिद्धान्त होता आणि तो दिसतोही किती सरळ! परंतु उघड्या मातीवर या दोघांना सर्वांत थंड हवा आढळली ती जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर; तिच्या खाली, मातीला चिकटलेली हवा किंचित उबदारच होती. परदेशांतील विद्वानांनी प्रथम हे उपकरणाच्या किंवा निरीक्षणाच्या दोषात काढले. पण पुढे इतरांनीही मोजले तेव्हा आकडे तेच आले, आणि कित्येक दशकांनी बंगळूरच्या रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचे उत्तर उष्णतेच्या उत्सर्जनातच शोधले. आज 'रामदास थर' या नावाने तो ओळखला जातो. उपग्रह अंतराळात जाण्याच्या सुमारे पाव शतक आधी, दख्खनच्या पठारावरची एक रात्रीची जमीन आभाळाशी उष्णतेची देवघेव कशी करते याचा हिशेब रामदास आणि आत्मनाथन आपल्या मापकांच्या साह्याने इंच-इंच मांडीत होते. त्याच हिशेबाच्या वरच्या टोकाला आज आपले उपग्रह आहेत, असे मला वाटते, आणि या ग्रंथाचे पहिले प्रकरण मी आभाळाऐवजी मातीवर लिहिले ते त्यांच्याच स्मरणाने.

उपग्रहांचा इतिहास मी थोडक्यातच सांगतो, कारण तो अन्यत्र सुलभ आहे. 1 एप्रिल 1960 रोजी अमेरिकेने सोडलेल्या टायरॉस-1 ने मेघांची पहिली उपयुक्त चित्रे पाठवली, पण ती दिवसाची. त्याच वर्षी नोव्हेंबरात गेलेल्या टायरॉस-2 वर अवरक्त किरण मोजणारी साधने होती. आणि ऑगस्ट 1964 मधल्या निंबस-1 ने रात्रीच्या मेघांची बारकाव्याची चित्रे प्रथम दाखवली. तो उपग्रह महिनाभरही टिकला नाही. पृथ्वीच्या गतीने फिरून एकाच प्रदेशावर खिळून राहणाऱ्या भूस्थिर उपग्रहांतून अहोरात्र मेघ दिसू लागले ते 1974 च्या एसएमएस-1 पासून. आपल्या देशाने 1982 च्या एप्रिलात धाडलेला इन्सॅट-1ए काही महिन्यांत निकामी झाला. परंतु 30 ऑगस्ट 1983 रोजी चॅलेंजर यान इन्सॅट-1बी ला घेऊन निघाले ते मध्यरात्र उलटून गेल्यावर, आणि अमेरिकी स्पेस शटलचे ते रात्रीचे पहिलेच उड्डाण होते. रात्रीचा मेघ आपल्याला कायमचा दाखवणारा उपग्रह रात्रीच्याच अंधारातून वर गेला, हा योगायोग मला फार हृद्य वाटतो. त्याची अवरक्त नजर 11 किलोमीटरांपेक्षा लहान काही वेगळे ओळखू शकत नव्हती. म्हणजे संभाजीनगर शहराचा बहुतेक भाग आणि भोवतालची शेते मिळून त्याच्या लेखी एक ठिपका. 12 सप्टेंबर 2002 रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला आणि पुढे कल्पना चावलाच्या नावाने धन्य झालेला कल्पना-1, जुलै 2013 चा इन्सॅट-3डी, सप्टेंबर 2016 चा इन्सॅट-3डीआर आणि फेब्रुवारी 2024 चा इन्सॅट-3डीएस या मालिकेत ती नजर चार किलोमीटरांपर्यंत आली आणि उष्णता वाचणारा एकच पट्टा होता तेथे अनेक पट्टे आले. हे अनेक पट्टे येणे ही मोठी घटना. तिचे महत्त्व पुढे ध्यानात येईल.

आता प्रत्यक्ष चित्राकडे वळू. सप्टेंबरातल्या एखाद्या रात्री आपल्या जिल्ह्यातली ओली जमीन सुमारे 20 ते 22 अंशांवर असते. हवेत वर जावे तसतसे दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी तापमान उतरते. तीन किलोमीटर उंचीवर माथा असलेला पुंजमेघ त्यामुळे दहाच्याही खाली दिसतो. आणि विजा पाडणारा गर्जन्मेघ जेव्हा पंधरा-सोळा किलोमीटर उंच चढतो, तेव्हा त्याचा माथा शून्याखाली 70 ते 80 अंशांपर्यंत थंड झालेला असतो. उणे पंचाहत्तर अंशांची ती नोंद गंगापूर किंवा वैजापूर तालुक्यावर दिसली की रात्रीच्या अंधारात तेथे केवढे प्रचंड स्थापत्य उभे राहिले आहे याची कल्पना येते. अवरक्त चित्रात थंड ते पांढरे आणि उबदार ते काळे, अशी छटांची अदलाबदल रूढ आहे. दिवसाच्या छायाचित्रात मेघ पांढरे दिसतात म्हणून डोळ्याला सवयीचे पडावे एवढ्यासाठीच ती केली गेली. सोय मोठी झाली खरी, पण गैरसमजाचे बीजही तिनेच पेरले, कारण पांढरे म्हणजे दाट आणि दाट म्हणजे पाऊस, असे मन नकळत धरून चालते.

या गैरसमजाला मी स्वतः बळी पडलो, तो प्रसंग येथे नोंदवतो. काही वर्षांपूर्वीची ऑक्टोबरातली रात्र. गंगापूरकडे माझे आजोळ; मामांच्या खळ्यात मक्याची कणसे पसरलेली. मामांनी रात्री फोन करून विचारले, "तुझ्या त्या यंत्रावर काय दिसतंय रे?" मी चित्र पाहिले तो सगळा तालुका पांढराशुभ्र, माथ्याचे तापमान उणे तिसाच्या आसपास. मी घाबरून सांगितले, "मामा, लगेच झाका. मोठं आभाळ येतंय." घरातल्या सगळ्यांनी मिळून मध्यरात्रीपर्यंत कणसे गोळा केली, ताडपत्र्या ओढल्या, कडेला दगड ठेवले. एक थेंब पडला नाही. सकाळी मामा रागावले नाहीत, शांतपणे एवढेच म्हणाले, "अरे बाळा, चांदण्या दिसत होत्या की. मला वाटलं, तू शिकलेला, तुला माहीत असेल." चांदण्या दिसत होत्या! ते वाक्य ऐकताच माझ्या ध्यानात आले की मी पाहिला होता तो तंतुमेघ. बर्फाच्या सूक्ष्म कणांचा, विरळ, फार उंच, ज्यातून चांदणे आरपार येते असा. तो पातळ असल्यामुळे खालच्या जमिनीची थोडी ऊब त्याच्यातून झिरपून वर जाते, त्याची स्वतःची पराकाष्ठेची थंडी तिच्यात मिसळते, आणि उपग्रहाला दोहोंच्या मधला कुठला तरी आकडा मिळतो, जो मध्यम उंचीच्या दाट मेघाच्या आकड्याशी हुबेहूब जुळतो. एका पट्ट्याच्या आकड्यावरून या दोहोंतला भेद करणे कोणालाही शक्य नाही. परंतु बर्फाचे कण बारा मायक्रॉनच्या किरणांना अकरा मायक्रॉनच्या किरणांपेक्षा अधिक शोषतात. म्हणून दोन्ही पट्ट्यांतली तापमाने शेजारी ठेवून वजाबाकी केली की पातळ तंतुमेघावर तीन-चार अंशांचे अंतर पडते आणि दाट मेघावर ते जवळजवळ शून्य येते. इन्सॅट-3डी पासूनच्या उपग्रहांवर 10.3 ते 11.3 आणि 11.5 ते 12.5 मायक्रॉन असे दोन्ही पट्टे आहेत. त्या रात्री ती वजाबाकी माझ्या संगणकावर एका कळीच्या अंतरावर होती आणि मी ती केली नव्हती.

याच्या नेमकी उलट फसगत हिवाळ्यात होते, आणि ती अधिक गहन आहे. डिसेंबर-जानेवारीत कधी बंगालच्या उपसागराकडून ओलसर हवा येते आणि पहाटेच्या सुमारास जमिनीपासून काहीशे मीटरांवर स्तरमेघाची एक चादर पसरते, किंवा नदीकाठी धुके धरते. हरभरा आणि तूर करणाऱ्याला हे मळभ किती जाचते, फुलोऱ्यावर अळीची धास्ती कशी वाढते, हे येथे कोणाला सांगावयास नको. असा खालचा मेघ जमिनीहून फारसा थंड नसतो, म्हणून अवरक्त चित्रात तो जमिनीत मिसळून जातो. चित्र निरभ्र दिसते आणि सकाळी उठून पाहावे तो सूर्य नाही. क्वचित याहून विलक्षण घडते. थंडीतल्या निवांत रात्री उघडी माती आपली ऊब वर टाकून इतकी गार होते की तिच्यावरची हवा तिच्याहून उबदार राहते. आणि अशा उलट्या थरात माथा टेकलेला स्तरमेघ शेजारच्या उघड्या जमिनीपेक्षाही उबदार, म्हणून चित्रात अधिक काळा उमटतो. पांढरे म्हणजे मेघ हा नियम तेथे समूळ फिरतो. येथे मदतीला येतो तो 3.9 मायक्रॉनचा पट्टा. पाण्याचे सूक्ष्म थेंब अकरा मायक्रॉनच्या सुमारास आपली उष्णता जवळजवळ पुरेपूर टाकतात, 3.9 मायक्रॉनवर मात्र हात आखडता घेतात. त्यामुळे तोच मेघ त्या पट्ट्यात काही अंशांनी थंड भासतो, तर उघड्या जमिनीवर हे अंतर फारसे पडत नाही. ब्रिटनमधल्या एअर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1984 साली ही वजाबाकी रात्रीचे धुके शोधण्यासाठी वापरून दाखवली आणि जगभरच्या वेधशाळांनी ती उचलली. तिलाही मर्यादा आहेत. दिवस उजाडताच या पट्ट्यात सूर्याचा परावर्तित प्रकाश शिरतो आणि हिशेब बिघडतो. आणि फार उंच, अतिशीत मेघमाथ्यांवर हा पट्टा इतका क्षीण होतो की चित्र खरखरीत, दाणेदार दिसू लागते. शिकाऊ माणसाने ते दाणे म्हणजे मेघाची रचना समजू नये.

या साऱ्या वजाबाक्यांहून मला अधिक आवडते ती एक घरगुती खूण. पैठणचा नाथसागर भरलेला असतो तेव्हा त्याचा विस्तार साडेतीनशे चौरस किलोमीटरांच्या घरात जातो. म्हणजे चार किलोमीटरांच्या ठिपक्यांनी मोजला तर तो वीसएक ठिपके व्यापतो. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. हिवाळ्यातल्या रात्री भोवतालची काळी जमीन दहा अंशांवर किंवा त्याखाली उतरली तरी जलाशयाची पाठ तिच्याहून कितीतरी उबदार राहते, आणि अवरक्त चित्रात करड्या पठारावर गोदावरीच्या पात्राला लागून एक गडद डाग स्पष्ट उठून दिसतो. तो डाग नीट दिसतो तोवर त्या भागावर दाट मेघ नाही. त्याच्या कडा पुसट होऊ लागल्या की काहीतरी आडवे आले. आणि तो पूर्णपणे मावळला की आभाळ आले. खालून पाहणाऱ्या माणसाला चांदण्या विझताना दिसतात, वरून पाहणाऱ्याला नाथसागर विझताना दिसतो. पावसाळ्यात ओल्या जमिनीचे आणि पाण्याचे तापमान जवळ येते आणि ही खूण दुबळी पडते, दुष्काळी सालात पाणी मृतसाठ्यात गेले की डागच आक्रसतो. तरीही नवख्या माणसाला मी पहिला धडा हाच देतो, कारण जमीन शिकल्यावाचून आभाळ वाचता येत नाही ही गोष्ट त्याला येथे डोळ्यांनी दिसते. प्रत्येक जिल्ह्याने आपापली अशी खूण शोधावी. सोलापूरकरांना उजनी आहे, नांदेडकरांना आपली गोदावरी आहे.

आणखी दोन बाबी मी आग्रहाने सांगणार आहे, कारण त्यांच्यावाचून चित्र आणि जमिनीवरची हकीकत यांचा मेळ कधीच बसत नाही. पहिली वेळेची. उपग्रहाच्या चित्रावरची वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले म्हणजे आपली वेळ येते. 18 वाजताचे चित्र म्हणजे आपल्याकडची रात्रीची साडेअकराची घटका, आणि 21 वाजताचे चित्र म्हणजे दुसऱ्या तारखेची पहाटेची अडीच. उलट, पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचला जातो आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला मांडला जातो. म्हणजे 14 तारखेच्या रात्री अकराला कोसळलेला मेघ महसुली दफ्तरात 15 तारखेचा होतो. एका महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते आणि पुढचे पंचनामे त्या आकड्यावर अवलंबून राहतात. चित्र एका तारखेचे आणि नोंद दुसऱ्या तारखेची शेजारी ठेवून "त्या दिवशी ढगच नव्हता" असे कोणी म्हणाले, तर केवढा अन्याय होईल याचा विचार करावा. मंडळाच्या एका टोकाला मापक आणि दुसऱ्या टोकाला मेघ, ही अडचण तर निराळीच.

दुसरी बाब जागेची. 74 अंश पूर्व रेखांशावर विषुववृत्ताच्या माथ्यावर असलेला उपग्रह आपल्या संभाजीनगर शहराकडे तिरकस पाहतो. त्याची नजर उभ्या रेषेपासून येथे सुमारे 23 अंशांनी कललेली असते. उंच इमारतीचा माथा दक्षिणेकडून पाहावा म्हणजे तो मागच्या उत्तरेकडच्या वस्तूंवर पडलेला भासतो, तसा पंधरा किलोमीटर उंचीचा मेघमाथा आपल्या पायथ्याच्या उत्तरेस सहा-साडेसहा किलोमीटर सरकलेला दिसतो. क्रांती चौकाच्या थेट डोक्यावर उभा ठाकलेला गर्जन्मेघ त्यामुळे चित्रात हर्सूलकडे दाखवला जातो. खालच्या मेघात ही सरक नगण्य असते, उंच मेघात ती एका मोठ्या गावाची शीव ओलांडते. जिथे एका गावावर गारपीट आणि शेजारच्या गावावर कोरडे ऊन अशी आपल्याकडची रीत, तिथे सहा किलोमीटर म्हणजे किती, हे शेतकऱ्याला विचारावे.

शेवटी एक सीमा मान्य केली पाहिजे. उपग्रह मेघाचा माथा पाहतो, पोट पाहत नाही. मराठवाड्यावरचा पुष्कळसा पाऊस उंच गर्जन्मेघांतून, दुपार कलल्यावर आणि रात्री येतो, म्हणून थंड माथा आणि पाऊस यांची सांगड आपल्याकडे बऱ्यापैकी जमते. तीही पुरती नाही, कारण गर्जन्मेघाच्या माथ्यावरून बाहेर पसरलेला बर्फाचा छज्जा दोन-तीन तालुके झाकतो आणि पाऊस त्याच्या एका कोपऱ्याखालीच पडत असतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर मात्र पाच-सहा किलोमीटरांहूनही खुजे मेघ रात्रभर कोसळत राहतात आणि अवरक्त चित्रात ते फिकट करडे, निरुपद्रवी दिसतात. आपल्या जमिनीवर बसवलेला नियम घाटावर लावू नये आणि घाटाचा आपल्याकडे आणू नये. या कारणास्तव पुढील चित्रे मी बहुतांशी गोदावरीच्या खोऱ्यापुरती निवडली आहेत, आणि प्रत्येकाखाली भारतीय वेळ, त्या रात्रीचे जमिनीचे तापमान आणि दुसऱ्या सकाळची पावसाची नोंद दिली आहे. मामांनी त्यांतली बरीच चित्रे पाहिली आहेत. कोणत्या रात्री चांदण्या होत्या हे त्यांना आश्चर्यकारक आठवते, आणि काही टिपा मी त्यांच्या सांगण्यावरून दुरुस्त केल्या आहेत.

पहिले चित्र डिसेंबरातले आहे. रात्रीच्या साडेअकराला पठार करडे आणि शांत आहे, अजिंठ्याचा डोंगर किंचित उबदार, आणि दक्षिणेला नाथसागराचा डाग काजळासारखा. अडीचला त्याची पूर्वेकडची कड नाहीशी झालेली दिसेल. चारच्या चित्रात डाग नाही. त्याच्या जागी जे आहे ते भोवतालच्या मातीहून एका अंशाने उबदार आहे, म्हणून नुसत्या डोळ्याला तेथे काहीच आलेले दिसत नाही. शेजारी त्याच घटकेची वजाबाकी छापली आहे. त्या पहाटे सहाला पैठणच्या रस्त्यावर समोरच्या बैलगाडीचा कंदील वीस पावलांवर दिसेनासा होत होता.

छत्रपती संभाजीनगर, कोजागरी पौर्णिमा